विज्ञानाच्या नव्या अध्यापकाची पहिली चार वर्षे

पेणहून अलिबागच्या वाटेने सुमारे तीस किलोमीटर गेले म्हणजे समुद्रकाठच्या त्या गावी एक चुंबकीय वेधशाळा लागते. ती तेथे कशी आली याची हकीकत बोधप्रद आहे. मुंबईत कुलाब्यास पृथ्वीच्या चुंबकत्वाचे वेध एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून नियमाने घेतले जात होते. पुढे शहरात विजेच्या ट्रामगाड्या सुरू करण्याचे ठरले, आणि त्या प्रवाहामुळे नाजूक उपकरणांचे वेध बिघडणार हे उघड झाले. तेव्हा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई फ्रामजी मूस यांच्या देखरेखीखाली हे काम अलिबागेस नेण्यात आले. १९०४ साली तेथे वेध सुरू झाले. परंतु कुलाब्याचे काम त्याच दिवशी थांबविले नाही. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी बरोबरीने वेध घेतले गेले. जुन्या आणि नव्या आकड्यांचा सांधा जुळावा, नोंदीत खंड पडू नये, एवढाच त्यातील हेतू. त्या नोंदींना आज जी किंमत आहे, ती कोणा एका दिवसाच्या वेधामुळे आलेली नाही. रोजचा वेध रोज टिपला गेला म्हणून आलेली आहे.

महाविद्यालयात विज्ञान शिकविण्यास नव्याने रुजू होणाऱ्या तरुणास किंवा तरुणीस बढतीची तयारी कशी करावी असे कोणी विचारले, तर या वेधशाळेकडे बोट दाखवावे. बढती ही अर्ज करण्याच्या महिन्यात मिळवावयाची वस्तू आहे, असा समज फार पसरलेला आहे. चार वर्षे जातात. मग एके दिवशी कार्यालयातून निरोप येतो की कागदपत्रे सादर करा. आणि घरातील कपाटे, जुन्या पिशव्या, मित्रांचे संग्रह यांची झडती सुरू होते. एक प्रमाणपत्र सापडत नाही, एका वर्षाचा तासांचा तक्ता मिळत नाही, एका वर्षी प्रशिक्षण राहून गेल्याचे तेव्हा ध्यानात येते. काम झालेले असते, पण त्याची नोंद नसते. आणि परीक्षक समितीपुढे नोंद नसलेले काम न झाल्यासारखेच ठरते.

प्रथम नोकरीत कायम होणे आणि बढती मिळणे या दोन गोष्टी वेगळ्या समजून घेतल्या पाहिजेत. अमेरिकेतील विद्यापीठांत त्या बहुतेक एकत्र येतात. तेथे नव्या अध्यापकाचे काम साधारणतः सहाव्या वर्षी तपासले जाते, आणि त्या तपासणीत तो उतरला नाही तर त्याला ती जागा सोडावी लागते. तेथील अध्यापकांच्या संघटनेने १९४० साली जे तत्त्वनिवेदन प्रसिद्ध केले, त्यात हा उमेदवारीचा काळ सात वर्षांहून अधिक असू नये असे म्हटले आहे. आपल्याकडील रीत याहून सौम्य आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत परिवीक्षेचा काळ एक वर्षाचा असून, काम असमाधानकारक वाटल्यास तो आणखी एक वर्ष वाढविता येतो. मंजूर पदावर रीतसर निवड झालेला अध्यापक त्यानंतर कायम होतो. परंतु या सौम्यपणातच एक धोका आहे. जागा जाण्याचे भय संपले की घाई संपते, घाई संपली की नोंद थांबते, आणि नोंद थांबली की मनुष्य आहे त्याच पायरीवर वर्षानुवर्षे राहतो. अमेरिकेतील अध्यापक अपयशी ठरला तर सर्वांना दिसतो. आपल्याकडील अध्यापक कोणाच्याही नकळत मागे राहतो.

या पायऱ्या ठरविणाऱ्या आयोगाशी रोह्याचा एक जुना संबंध आहे. आयोगाला १९५६ साली कायद्याने रूप आले, आणि त्याच वर्षापासून १९६१ पर्यंत त्याचे अध्यक्षपद चिंतामणराव देशमुख यांच्याकडे होते. देशमुखांचे घराणे रोह्याचे. त्यांचा जन्म १८९६ साली महाडजवळच्या नाते गावी झाला. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि केंद्रीय अर्थमंत्री म्हणून ते सर्वांस ठाऊक आहेत. परंतु केंब्रिजमध्ये त्यांनी अभ्यास केला तो निसर्गविज्ञानाचा, आणि त्यातही वनस्पतिशास्त्राचा, हे पुष्कळांस ठाऊक नसते. रोह्याच्या महाविद्यालयास त्यांचे नाव दिलेले आहे. विज्ञानाचा विद्यार्थी आणि हिशेबाचा मनुष्य हे दोन गुण त्यांच्यात एकत्र आले होते. नव्या अध्यापकाला नेमके याच दोन गुणांचे प्रयोजन आहे.

आता या पायऱ्या पाहू. सहायक प्राध्यापक दहाव्या वेतनस्तरावर रुजू होतो. सातव्या वेतन आयोगाच्या तक्त्यात या स्तराचे आरंभीचे मूळ वेतन ५७,७०० रुपये आहे. त्यानंतर अकरावा स्तर ६८,९०० रुपयांपासून आणि बारावा ७९,८०० रुपयांपासून सुरू होतो. सहयोगी प्राध्यापकाच्या तेरा-अ स्तराचा आरंभ १,३१,४०० रुपयांचा, व प्राध्यापकाच्या चौदाव्या स्तराचा १,४४,२०० रुपयांचा. महाराष्ट्र शासनाने महाविद्यालयीन अध्यापकांस ही वेतनरचना ८ मार्च २०१९ च्या निर्णयाने, १ जानेवारी २०१६ पासून, लागू केली. २०१८ च्या विनियमांप्रमाणे पहिली पायरी चढण्यास पीएच.डी. असलेल्यास चार वर्षे, एम.फिल. अथवा तत्सम व्यावसायिक पदव्युत्तर पदवी असलेल्यास पाच, आणि यांपैकी काहीच नसलेल्यास सहा वर्षे लागतात. तेथून बाराव्या स्तरास पाच वर्षे, पुढे सहयोगी प्राध्यापकपदास तीन, आणि प्राध्यापकपदास आणखी तीन. म्हणजे पीएच.डी. घेऊन आलेला अध्यापक कोठेही न अडखळता चालला, तर पंधरा वर्षांत शेवटच्या पायरीवर पोहोचतो.

अडखळण्याची किंमत किती, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. पेणच्या महाविद्यालयात रसायनशास्त्राचा एक अध्यापक पीएच.डी. घेऊन रुजू झाला, असे कल्पावे. चार वार्षिक वाढींनंतर त्याचे मूळ वेतन ६४,९०० रुपये होईल. त्याच वेळी बढती झाली तर तो अकराव्या स्तराच्या आरंभी, म्हणजे ६८,९०० रुपयांवर जाईल. दरमहा चार हजारांचा हा फरक मूळ वेतनातलाच आहे. महागाई भत्ता त्यावर चढतो. शिवाय पहिल्या पायरीला एक वर्ष उशीर झाला की पुढच्या प्रत्येक पायरीची तारीख एकेक वर्ष पुढे सरकते. म्हणून हा विषय केवळ त्या अध्यापकाचा नाही; त्याच्या घराचा, मुलांच्या शिक्षणाचा आणि म्हातारपणच्या तरतुदीचा आहे.

तारखेचा नियम नीट लक्षात ठेवण्यासारखा आहे. ज्या दिवशी किमान अटी पूर्ण होतात, त्या दिवसाच्या आधीच्या तीन महिन्यांत अध्यापकाने स्वतः लेखी अर्ज द्यावयाचा असतो. त्या तारखेस सर्व अटी पूर्ण असल्या आणि समितीने त्याला योग्य ठरविले, तर समितीची बैठक कितीही उशिरा झाली तरी बढती मूळ तारखेपासून धरली जाते. परंतु एखादे प्रशिक्षण त्या तारखेनंतर पूर्ण झाले असेल, तर बढतीची तारीखही तितकीच पुढे जाते. आणि समितीने नापसंत केले तर किमान एक वर्ष थांबून पुन्हा तपासणीस उभे राहावे लागते. सारांश, समितीचा उशीर अध्यापकाचे फारसे नुकसान करीत नाही. त्याचा स्वतःचा उशीर मात्र कायमचे नुकसान करतो.

समिती प्रथम पाहते ते अध्यापन. नेमून दिलेल्या तासांपैकी ऐंशी टक्के किंवा अधिक तास घेतले तर शेरा ‘चांगला’, सत्तर ते ऐंशी टक्क्यांच्या दरम्यान ‘समाधानकारक’, आणि सत्तरच्या खाली ‘असमाधानकारक’. सहायक प्राध्यापकास आठवड्याला सोळा तास प्रत्यक्ष अध्यापन असते. तीस आठवड्यांचे वर्ष धरले तर ४८० तास होतात, आणि त्यांचे ऐंशी टक्के म्हणजे ३८४. ९६ तास चुकण्याची मुभा पुष्कळ वाटते. परंतु कोकणातील पावसाळा ज्यांनी पाहिला आहे त्यांस ती पुष्कळ वाटणार नाही. जुलै महिन्यात रुळांवर पाणी येते, पनवेलहून निघालेली गाडी वेळेवर पोहोचत नाही, महामार्ग अडतो. त्यात निवडणुकीचे काम, परीक्षांचे पर्यवेक्षण आणि उत्तरपत्रिकांची तपासणी. चुकलेला तास नंतर भरून काढला, तर त्याची तारीख आणि विषय त्याच दिवशी टाचणवहीत लिहून विभागप्रमुखांची सही घ्यावी. चार वर्षांनंतर ती सही मिळत नाही. विभागप्रमुखच निवृत्त झालेले असतात.

अध्यापनाच्या जोडीस इतर कामांचा रकाना आहे. परीक्षेचे काम, प्रयोगशाळेची वा विद्यार्थी-कल्याणाची जबाबदारी, राष्ट्रीय सेवा योजना, परिषदांचे आयोजन, संशोधन-मार्गदर्शन, निबंध-प्रकाशन, अशा प्रकारांपैकी तिहींत वा अधिकांत भाग घेतला तर ‘चांगला’, एक-दोहोंत घेतला तर ‘समाधानकारक’. येथे नवे अध्यापक दोन प्रकारे चुकतात. काही जण कोणतेच काम अंगावर घेत नाहीत. दुसरे, आणि हे अधिक, प्रत्येक कामास मान तुकवितात, आणि सात समित्यांत नाव घालून बसतात. नियमाला तीन कामे पुरतात. तीन पत्करावी, ती मनापासून करावी, आणि चौथ्यास नम्रपणे नकार द्यावा. तो वेळ प्रयोगशाळेचा आहे. आणि ज्या आदेशाने काम सोपविले त्याची प्रत व काम पार पडल्याचा दाखला, हे दोन्ही एकत्र जपावे. एकट्या आदेशाने काम झाल्याचे सिद्ध होत नाही.

पहिल्या पायरीसाठी एकवीस दिवसांचा उद्बोधन वर्ग आवश्यक आहे, आणि त्याच्या जोडीस उजाळा वर्ग, संशोधनपद्धतीचा वर्ग किंवा त्यांस पर्याय म्हणून नेमलेली लहान प्रशिक्षणे. हे वर्ग चालविणाऱ्या केंद्रांस २०२३ पासून मालवीय मिशनचे नाव मिळाले आहे. पूर्वी त्यासाठी मुंबईत जाऊन राहावे लागे. आता पुष्कळ वर्ग घरबसल्या संगणकावर करता येतात, आणि शासनाच्या ‘स्वयं’ या व्यासपीठावरील काही पाठ्यक्रमही धरले जातात. ही सोय झाल्यामुळे वर्ग पुढे ढकलण्याची सवय मात्र वाढली आहे. उद्बोधन वर्ग पहिल्या दोन वर्षांत उरकावा. त्याचा उपयोग शिकविण्याच्या आरंभीच अधिक होतो. आणि अखेरच्या वर्षी प्रवेश मिळाला नाही तर सारी तारीख लांबते.

विशेषतः तरुण अध्यापिकांनी आणि त्यांच्या घरच्यांनी आणखी एक तरतूद ध्यानात ठेवावी. बाळंतपणाची रजा, बालसंगोपन रजा, वैद्यकीय वा अभ्यासरजा घेतली म्हणून वर्षाचा शेरा खाली येत नाही. तो काळ हिशेबातून वगळून उरलेल्या काळावरून वर्षाचे मूल्यमापन करावे, आणि अशा रजेमुळे बढतीत कोणतेही नुकसान होऊ नये, असे विनियमांत म्हटलेले आहे. हे माहीत नसल्यामुळे आपले ते वर्ष वाया गेले असे समजून अर्जच लांबणीवर टाकणे चुकीचे आहे.

यानंतर संशोधनाचा प्रश्न. महाविद्यालयातील अध्यापकास पहिल्या पायरीसाठी प्रकाशित निबंधाची सक्ती नाही. विद्यापीठाच्या विभागातील अध्यापकास ती आहे. ही सवलत वरकरणी चांगली दिसते. पण सर्वांत अधिक फसवणूक तिच्यामुळेच होते. निबंध लागत नाही म्हणून चार वर्षे प्रयोग होत नाहीत. पुढची पाच वर्षे शिकविण्यात व समित्यांत जातात. आणि सहयोगी प्राध्यापकपदाच्या दाराशी आल्यावर कळते की तेथे पीएच.डी. वाचून प्रवेश नाही. त्यापुढच्या दाराशी दहा प्रकाशित निबंध मागितले जातात, ज्यांपैकी तीन त्या अखेरच्या टप्प्यातील असावे लागतात. शिवाय संशोधनाचे ११० गुण. विज्ञानाच्या एका निबंधास मूळ ८ गुण, आणि त्यात नियतकालिकाच्या दर्जाप्रमाणे भर. ज्या परीक्षित नियतकालिकास प्रभावांक नाही, म्हणजे त्यातील लेखांचा इतर संशोधक किती आधार घेतात याचे अधिकृत माप ठरलेले नाही, त्यातील निबंधास ५ गुणांची भर मिळून १३ होतात. लेखक दोन असतील तर प्रत्येकास सत्तर टक्के, म्हणजे ९.१. लेखक तीन किंवा अधिक असतील तर मुख्य लेखकास ९.१ आणि इतरांस प्रत्येकी ३.९. शिवाय सर्व गुण निबंधांतूनच आणून चालत नाहीत. सहा प्रकारांपैकी किमान तीन प्रकारांतून ते यावे लागतात. पंधरा वर्षांत दहा निबंध ही काही मोठी मागणी नव्हे. तीन वर्षांत दहा ही मात्र बहुधा अशक्य मागणी आहे, आणि जे ती पुरी करू पाहतात ते बहुधा पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांच्या हाती सापडतात.

नियतकालिकाची निवड आता अधिकच जपून करावी लागते. आयोगाने २०१९ पासून मान्य नियतकालिकांची एक यादी ठेवली होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये ती बंद करून निवडीची कसोटी महाविद्यालयांवर व स्वतः अध्यापकांवर सोपविली. कसोटी अवघड नाही. त्या नियतकालिकात आपल्या विषयातील जाणती मंडळी लिहितात काय? निबंध परीक्षकांकडे जातो काय, की आठ दिवसांत स्वीकृती येते? संपादकांची नावे खरी आहेत काय? ज्यांच्याकडून आपण विषय शिकलो ते गुरुजन हे नियतकालिक वाचतात काय? एवढ्या प्रश्नांची उत्तरे मिळाली म्हणजे पुरे. दुसऱ्याचा मजकूर उचलण्याविषयीही २०१८ पासून स्वतंत्र विनियम आहेत. दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य क्षम्य, त्यापुढे पायरीपायरीने कारवाई.

परंतु पेण किंवा रोह्यास राहून विज्ञानाचे संशोधन होणार कसे, अशी शंका पुष्कळांच्या मनात येते. मोठी उपकरणे नाहीत, ग्रंथालय लहान, हाताशी मदतनीस नाही. ही अडचण खरी आहे. पण तिचा दुसरा भाग कोणी पाहत नाही. मुंबईच्या प्रयोगशाळेत उपकरण आहे, पण तिच्या दारात कुंडलिका नदी नाही. या नदीत भिरा येथील वीजगृहातून पाणी सोडले जाते; १९२७ साली सुरू झालेल्या या वीजगृहास ते सह्याद्रीपलीकडील मुळशीच्या धरणातून मिळते. त्यामुळे कोकणातील इतर नद्या उन्हाळ्यात आटतात तेव्हाही हिला पाणी असते. पुढे रोह्याजवळ धाटावची रासायनिक कारखान्यांची वसाहत, आणि त्यापुढे भरतीचे खारे पाणी. गोडे पाणी, कारखान्यांचा शेजार आणि खाडी, असे तीन धडे एका नदीत थोड्या अंतरावर मिळतात. पेणच्या खारेपाटात समुद्राचे पाणी बांध फोडून शेतात शिरते. त्या जमिनीची क्षारता, तेथे तग धरणारी भाताची वाणे, बांधावरील वनस्पती, हे सारे अभ्यासाचे विषय आहेत. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने अशा जमिनीसाठी भाताची वाणे तयार केली, ती या प्रदेशाच्या गरजेतूनच. पेणचे गणपती सर्वत्र जातात. त्यांतील प्लास्टर हे जिप्सम भाजून केलेले असून पाण्यात सहज विरघळत नाही, आणि अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात त्याचे खत व खडू यांत रूपांतर करण्याची रीत पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने दाखवून दिली आहे. या रीतीचा गावच्या तलावावर काय परिणाम होतो, हे पाहण्यास पेणच्या अध्यापकाहून सोयीचा मनुष्य कोण?

अशा कामास आरंभी लागते ते पाण्याची आम्लता व क्षारता मोजण्याचे साधे उपकरण, स्वच्छ बाटल्या, आणि महिन्यातून एक ठरलेला दिवस. ज्या चाचणीस मोठे उपकरणच हवे, तिच्यासाठी मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी शुल्क भरून नमुने तपासून घेता येतात. त्याच चार जागा, तोच दिवस, तीच रीत, असे चार वर्षे चालविले तर अठ्ठेचाळीस महिन्यांची अखंड नोंद हाती येते. अशी नोंद पैसे देऊन विकत मिळत नाही, आणि घाईने तयार करता येत नाही. तिच्यातून एक चांगला निबंध सहज निघतो. आणि जो अध्यापक ती पंधरा वर्षे चालवील, त्याच्याकडे मोठ्या संस्थांतील संशोधक आपण होऊन येतील. शिवाय विद्यार्थ्यांना बरोबर नेता येते. ज्या मुलीच्या बापाचे शेत खाऱ्या पाण्याखाली गेले आहे, तिला क्षारता हा शब्द पुस्तकातून शिकविण्याची गरज उरत नाही. ती का मोजावयाची एवढेच शिकवावे लागते.

आता नोंद ठेवावी कशी ते थोडक्यात सांगता येईल. चार बाडे करावीत. पहिल्यात नेमणुकीचे कागद: जाहिरात, निवड समितीचा वृत्तान्त, नेमणूकपत्र, विद्यापीठाची मान्यता, परिवीक्षा संपल्याचा आदेश, आणि सेवापुस्तकातील नोंदींच्या प्रती. दुसऱ्यात अध्यापन: प्रत्येक सत्राचे वेळापत्रक, नेमलेले व घेतलेले तास, निकाल. तिसऱ्यात प्रशिक्षण व सोपविलेली कामे. चौथ्यात संशोधन: निबंधाच्या स्वीकृतीचे पत्र, छापील प्रत आणि लेखकांचा क्रम. महिन्याच्या शेवटच्या रविवारी एक तास यासाठी राखावा, आणि प्रत्येक कागदाची संगणकावर दुसरी प्रत ठेवावी. वर्षअखेर स्वयंमूल्यमापनाचा अर्ज गुणवत्ता कक्षाकडे देऊन पोहोच घ्यावी. ज्याने हे चार वर्षे केले, त्याचा बढतीचा अर्ज एका दिवसात तयार होतो. प्राचार्य, विभागप्रमुख व विद्यापीठाने पाठविलेले तज्ज्ञ यांच्या समितीपुढे, आणि पुढे वेतननिश्चितीसाठी पनवेलच्या सहसंचालक कार्यालयात, तो अडून राहण्यास कारण उरत नाही.

या साऱ्या विवेचनात एका वर्गाचा विसर पडता कामा नये. महाराष्ट्रातील पुष्कळ महाविद्यालयांत विज्ञान शिकविणारे तरुण तासिका तत्त्वावर नेमलेले असतात, आणि त्यांना यांतील कोणतीच पायरी लागू नाही. पूर्वीची तात्पुरती सेवा बढतीसाठी धरावयाची तर ती रीतसर निवड समितीमार्फत झालेली आणि नियमित अध्यापकाच्या वेतनाइतक्या वेतनाची असावी लागते. तासिकेची सेवा या अटीत सहसा बसत नाही. हा अन्याय वैयक्तिक नोंदवहीने दूर होणारा नाही. त्यासाठी मंजूर पदे भरली गेली पाहिजेत, आणि त्याविषयी सुशिक्षित समाजाने बोलले पाहिजे. तरीही अशा तरुणाने आपले निबंध आणि प्रशिक्षणे यांची नोंद ठेवणे सोडू नये. निवड समितीपुढे उभे राहण्याचा दिवस येईल तेव्हा ती त्याच्या उपयोगी पडेल.

नियम बदलतात, हेही विसरू नये. २०१० चे विनियम जाऊन २०१८ चे आले. जानेवारी २०२५ मध्ये आयोगाने नव्या विनियमांचा मसुदा लोकांपुढे ठेवला. म्हणून आपल्या देय तारखेस कोणते विनियम लागू आहेत, हे प्रत्येकाने त्या वेळी मूळ कागदावरून पाहावे. सहकाऱ्याच्या सांगण्यावर विसंबू नये. परंतु गुणांचे आकडे कितीही बदलले तरी तास घेतल्याची वही, केलेल्या प्रयोगाची वही आणि प्रामाणिकपणे लिहिलेला निबंध यांना जो नियम किंमत देणार नाही असा नियम आजवर झालेला नाही.

नव्या अध्यापकाच्या घरच्या मंडळींनी त्याला कपाटाचा एक कप्पा आणि महिन्याचा एक रविवार मोकळा करून द्यावा. पेण-रोह्याकडील मुले ज्या अध्यापकाकडून विज्ञान शिकतात, तो पंधरा वर्षांनंतरही प्रयोगशाळेत काम करीत असेल की केवळ हजेरी घेत असेल, हे पुष्कळदा त्याच्या पहिल्या चार वर्षांतच ठरून जाते. मूस यांनी कुलाबा सोडताना दोन वर्षे दोन्हीकडे वेध घेतले, ते कोणा समितीला दाखविण्यासाठी नव्हे. पुढे येणाऱ्या संशोधकाला तुटलेली नोंद मिळू नये म्हणून. अध्यापकाने आपली वही याच भावनेने लिहावी. बढती त्या वहीच्या मागोमाग येईल.